स्मृतिभ्रंश आणि गृहस्थाचे कर्तव्य

लोकांच्या तोंडी रुळलेल्या म्हणींमध्ये पुष्कळ शहाणपण साठविलेले असते, यात शंका नाही. परंतु काही म्हणी अशाही असतात की त्या एकदा उच्चारल्या म्हणजे पुढचा विचारच खुंटतो. आपल्याकडची ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्यांपैकी एक होय. राजस्थानात आणि उत्तरेकडील इतर प्रांतांत याच अर्थाने वृद्ध माणसाविषयी ‘सठिया गए हैं’ असे म्हणतात. घरातील वडील माणूस तेच तेच विचारू लागले, पैशांचा हिशेब चुकू लागले, नातवंडांची नावे विसरू लागले, की घरचे लोक ही म्हण उच्चारतात, किंचित हसतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्या हसण्यात पुष्कळदा दुष्टपणा नसतो. परंतु त्या माणसाला काय झाले आहे, हे पाहण्याचे काम मात्र तेथेच संपते.

प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतलेला प्रश्न असा आहे : घरातील वृद्धाची स्मृती ढळू लागली असता तिचे योग्य निदान करून घेणे ही केवळ सोयीची गोष्ट आहे, की ते गृहस्थाचे कर्तव्य आहे? आणि तो आजार पूर्णपणे बरा होणारा नसेल, तरीही ते कर्तव्य शिल्लक उरते काय?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष वारंवार पाहावा असे सांगितले आहे. तेथे जरा आणि व्याधी हे दोन शब्द वेगळे आले आहेत. तसेच दुसऱ्या अध्यायात देहाच्या अवस्था सांगताना बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य या तीनच अवस्था गणल्या आहेत. रोगाची गणना त्यांत केलेली नाही. वार्धक्य ही अवस्था आहे आणि रोग हा रोग आहे. केस पिकणे, चाल मंदावणे, एखादे नाव क्षणभर न आठवून मग आठवणे, हे जरेचे धर्म होत. परंतु जेवण होऊन अर्धी घटकाही गेली नसता ‘मला कोणी जेवू घातले नाही’ असे म्हणणे, रोजच्या वाटेवर हरवणे, चाळीस वर्षे केलेली भाजी कशी करावी हे न सुचणे, हे जरेचे धर्म नव्हेत. ती व्याधीची चिन्हे आहेत. ज्या दोन गोष्टी शास्त्राने वेगळ्या दाखविल्या, त्या आपण आळसाने एक कराव्या हे उचित नव्हे.

प्रत्यक्ष गणनाही हेच सांगते. भारतातील वृद्धांची जी व्यापक पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत. स्त्रियांमध्ये व ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. ८८ लाख ही संख्या लहान नाही. परंतु या आकड्याची दुसरी बाजूही पाहावी. साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक माणसांना हा विकार नाही! साठीबरोबर बुद्धी जाणे हा जर निसर्गाचा नियम असता, तर असे घडले नसते.

म्हणीच्या या भ्रमात केवळ आपणच पडलो असे नाही. पाश्चात्त्य वैद्यही दीर्घकाळ त्यात होते. जर्मनीतील अलॉइस अल्झायमर या वैद्याने १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत एका स्त्री रुग्णाची हकीकत मांडली. १९०१ मध्ये ती प्रथम त्यांच्या देखरेखीखाली आली, तेव्हा तिचे वय ५१ होते. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्म तपासणी केली असता त्यांना दोन विकृती दिसल्या : पेशींच्या बाहेर जमलेला एक प्रकारचा साका आणि पेशींच्या आत पडलेली तंतूंची गुंतागुंत. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. परंतु पुढे कित्येक वर्षे हे नाव ऐन वयात होणाऱ्या विस्मृतीलाच लावले जात असे. वृद्धांची विस्मृती ही म्हातारपणाचीच गोष्ट समजली जाई. १९७६ मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी आग्रहाने प्रतिपादन केले की हे दोन्ही एकच रोग आहेत. वृद्धांच्या विस्मृतीला रोग म्हणून ओळखण्यास शास्त्रालाही इतकी वर्षे लागली. मग सामान्य कुटुंबाचा गोंधळ झाला तर नवल नाही. मात्र आज हे ज्ञान उपलब्ध असता त्या गोंधळातच राहणे क्षम्य म्हणता येणार नाही.

आता एक उदाहरण कल्पनेने घेऊ. जयपूरच्या परकोट्याच्या आत राहणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. रोज पहाटे गोविंददेवजींच्या मंगला झाँकीला जावे, दर्शन घेऊन चालत घरी यावे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नियम. १७२७ मध्ये सवाई जयसिंह महाराजांनी वसविलेले हे नगर सरळ रस्त्यांचे आणि रेखीव चौकडींचे आहे; परक्या माणसालाही वाट सापडावी अशी त्याची रचना. तेथे एके दिवशी हे वृद्ध गृहस्थ आपल्याच बाजारात वाट चुकतात. कोणी ओळखीचा दुकानदार त्यांना घरी पोहोचवितो. मुलगा म्हणतो, ‘बाबूजी, आता एकटे जाऊ नका.’ नियम बंद होतो. पुढे महिन्याभराने कपाटाची किल्ली सापडेनाशी होते आणि बाबूजी सुनेवर आळ घेतात. सून रडते, मुलगा बापावर रागावतो, बाप मुलावर रागावतो. घरात अबोला पडतो. सहा महिन्यांत त्या घरातील स्नेह आटून जातो. आणि या साऱ्या काळात, बाबूजींना नेमके काय झाले आहे, हा साधा प्रश्न कोणी वैद्याला विचारलेला नसतो.

या घरात कोणते प्रकार संभवतात ते पाहा. पहिला संभव असा की बाबूजींना स्मृतिभ्रंशाचा कायमचा रोग मुळी नाहीच. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, तरी बुद्धी जड होते. रक्तातील क्षार कमी झाले किंवा मूत्रमार्गाचा दाह झाला, तर वृद्ध मनुष्य दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागतो. महिन्यापूर्वी स्नानगृहात पाय घसरून डोक्याला किरकोळ मार बसला असेल, तर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साकळत जाऊन बुद्धी मंद होऊ शकते. ते रक्त शस्त्रक्रियेने काढता येते. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठले, तर स्मृती, चाल आणि लघवीवरील ताबा ही तिन्ही बिघडतात. तेथेही योग्य वेळी केलेल्या शस्त्रक्रियेने पुष्कळांना गुण येतो. पत्नीच्या निधनानंतरचे खोल औदासीन्य बाहेरून विस्मृतीसारखेच दिसते. निरनिराळ्या वैद्यांनी निरनिराळ्या वेळी दिलेली झोपेची, ॲलर्जीची, लघवीची औषधे एकत्र होऊनही बुद्धीवर मळभ येते. आणि ज्याला नीट ऐकू येत नाही, तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, म्हणून विसराळू ठरतो.

यांतील एक कारण शाकाहारी घरांनी विशेष लक्षात ठेवावे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. वृद्धापकाळी आहार कमी होतो, शरीराची ते शोषून घेण्याची शक्ती घटते; मधुमेहाची मेटफॉर्मिनसारखी आणि आम्लपित्ताची काही औषधे दीर्घकाळ घेतल्यासही ते कमी पडते. या जीवनसत्त्वाच्या अभावी पायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि स्मृतीही ढळते. साध्या रक्ततपासणीने हे कळते व गोळीने किंवा सुईने भरून काढता येते. ते औषध जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करून तयार केले जात असल्यामुळे त्यासाठी कोणास आपला शाकाहार सोडावा लागत नाही. मात्र उशीर झाला, तर मज्जातंतूंची झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही. जे दुःख इतक्या थोडक्यात टळले असते, ते ‘साठी बुद्धी नाठी’ या तीन शब्दांमुळे टळू नये, याहून खेदाची गोष्ट कोणती?

दुसरा संभव असा की रोग खरोखरच आहे. परंतु स्मृतिभ्रंश हे ‘ताप’ या शब्दासारखे एक व्यापक नाव आहे. ताप हिवतापाचा की विषमज्वराचा, हे पाहिल्याविना सुज्ञ वैद्य औषध देत नाही. तसेच येथेही आहे. अल्झायमरच्या रोगात मेंदूचा नव्या आठवणी साठविणारा भाग आधी जातो. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न तपशीलवार आठवते. घरचे लोक याचा अर्थ ‘ढोंग’ असा करतात! रक्तवाहिन्यांच्या दोषाने होणाऱ्या प्रकारात पायरी पायरीने उतार लागतो. तेथे रक्तदाब व मधुमेह काबूत ठेवल्यास पुढील आघात टळण्याचा संभव असतो. तिसरा एक प्रकार ल्युई यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात रुग्णाला खोलीत नसलेली माणसे, मुले, प्राणी स्पष्ट दिसतात, अंग ताठते, आणि एक दिवस बरा तर एक दिवस वाईट जातो. अशा रुग्णाला भ्रम कमी करण्यासाठी सामान्यतः दिली जाणारी काही औषधे अत्यंत घातक ठरू शकतात. रोगाचा प्रकार न ओळखता दिलेले औषध येथे रोगाहूनही भयंकर होते.

नसलेली माणसे दिसू लागली की पुष्कळ कुटुंबांना बाधेची शंका येते. जयपूरच्या बाजूची कित्येक कुटुंबे अशा वेळी दौसा जिल्ह्यातील मेहंदीपूर बालाजीच्या दर्शनाला जातात. दर्शनाला अवश्य जावे. देवाच्या पायी मन स्थिर होते. परंतु त्याच आठवड्यात वैद्यालाही दाखवावे. देवाने वैद्यालाही बुद्धी दिली आहे, तिचा उपयोग टाळणे ही काही अधिक श्रद्धा नव्हे.

चौथ्या एका प्रकारात मेंदूचा कपाळामागचा भाग प्रथम झिजतो. हा पुष्कळदा पन्नाशी-साठीतच होतो. आरंभी स्मृती शाबूत असते. बिघडतो तो स्वभाव. आयुष्यभर सदाचाराने वागलेला मनुष्य भलतेच बोलू लागतो, दुकानातील वस्तू न विचारता उचलतो, दुसऱ्याच्या दुःखाविषयी उदासीन होतो. समाज त्याला दुराचारी ठरवितो. पत्नी लाजेने बाहेर पडत नाही. ज्याचे इंद्रियसंयमाचे साधनच मोडले आहे, त्याला आपण असंयमाचे पाप लावतो.

येथे एका शब्दाविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, तिच्यापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश, अशी परंपरा सांगितली आहे. रोगालाही मराठीत आपण स्मृतिभ्रंशच म्हणतो. म्हणून एखाद्या भाविकाच्या मनात असा विचार येणे शक्य आहे की, ज्याची स्मृती गेली त्याच्या जीवनात काम-क्रोध प्रबळ असले पाहिजेत. हा विचार सर्वथा अयोग्य होय. तेथे स्मृती या शब्दाने कर्तव्याकर्तव्याचे भान अभिप्रेत आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन आपली स्मृती परत आली असे सांगतो. त्यापूर्वी तो काही आपले नाव किंवा आपले धनुष्य विसरला नव्हता. शिवाय पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की स्मृती, ज्ञान आणि त्यांचे नाहीसे होणे ही सर्व माझ्यापासूनच होतात. तेव्हा ज्याची स्मृती गेली, तो भगवंतापासून दूर गेला असे मानण्यास गीतेत आधार नाही. रोगाला पाप समजणे हा आपलाच बुद्धिभ्रम आहे.

जे आहे ते जसे आहे तसे पाहावे, याचा एक थोर आदर्श जयपूर नगरातच दगडाचुन्यात उभा आहे. सवाई जयसिंह महाराजांच्या ध्यानात आले की, त्या काळी प्रमाण मानल्या गेलेल्या सारण्यांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडते. धर्मकृत्ये व राज्यकारभारातील महत्त्वाची कामे कालगणनेवर अवलंबून असल्यामुळे त्यांना हा दोष चालवून घ्यावा असे वाटले नाही. आरंभी केलेली धातूची यंत्रे आकाराने लहान, आस झिजणारी आणि हलणारी ठरली. म्हणून त्यांनी दगडाची प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरच्या जंतर-मंतरमधील सम्राट यंत्र सुमारे ९० फूट उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. एका ठिकाणचे वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधांशी ताडून पाहता यावेत, यासाठी त्यांनी दिल्ली, मथुरा, काशी व उज्जैन येथेही वेधशाळा उभारल्या. या कार्यात त्यांचे साहाय्यक असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय. त्यांनी महाराजांच्या इच्छेवरून अरबी व फारसी भाषा शिकून टॉलेमी आणि युक्लिड यांचे ग्रंथ संस्कृतात आणले. ज्ञान कोठूनही यावे, ते पडताळून घ्यावे आणि पडताळ्यात जुनी सारणी चुकली तर ती बदलावी, अशी ही वृत्ती आहे. आकाशातील ग्रहांसाठी ज्या देशात एवढा खटाटोप झाला, त्या देशात जन्मदात्या मातापित्यांच्या बुद्धीला काय झाले हे पाहण्यासाठी आपण दोन-तीनदा रुग्णालयाची पायरी चढू नये काय?

याविषयी काही शंका घेतल्या जातात. त्यांचा विचार करू.

पहिली शंका : हा प्रारब्धभोग आहे, तो भोगूनच संपवावयाचा. उत्तर असे की, प्रारब्ध कोणते हे प्रयत्न केल्यावरच कळते. आधीच हात जोडून बसणे याला प्रारब्धाचा स्वीकार म्हणत नाहीत. त्याला आळस म्हणतात. शिवाय या ठिकाणी भोग दुसऱ्याचा आहे आणि आळस आपला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून स्वस्थ बसण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे : अल्झायमरसारखा रोग बरा होत नाही, मग नाव कळून उपयोग काय? याचे उत्तरही जयपूरनेच देऊन ठेवले आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस येथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडविला. तुटलेला पाय परत उगवत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. परंतु त्या कृत्रिम पायाने मनुष्य अनवाणी चालू लागला, उकिडवा बसू लागला, शेतात काम करू लागला. रोग जाणे आणि जीवन जगता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मात्र असा पाय बसविण्यापूर्वी उरलेल्या अवयवाचे माप घ्यावेच लागते. स्मृतिभ्रंशात निदान हे ते माप होय. कोणती शक्ती गेली आणि कोणती शिल्लक आहे हे कळल्यावरच शिल्लक शक्तीवर त्या माणसाचा दिवस उभा करता येतो. काही औषधांनी काही काळ लक्षणे सौम्य होतात. ती कोणत्या प्रकारात द्यावीत हेही निदानावरच अवलंबून आहे.

तिसरी शंका : आमचा विश्वास आयुर्वेदावर आहे. उत्तम आहे. परंतु आयुर्वेदात तर आधी रोगाची परीक्षा आणि मग औषध, असाच क्रम सांगितला आहे. माधवकराचा प्रसिद्ध ग्रंथ केवळ निदानासाठीच रचलेला असून निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही रोग जाणण्याची पाच साधने वैद्य आजही शिकतात. जयपुरातच १९७६ पासून राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. कोणत्याही पद्धतीच्या वैद्याकडे जावे, पण निदान न करता कोणी ‘बुद्धिवर्धक’ म्हणून विकतो ते चूर्ण घेऊ नये.

चौथी शंका लोकलज्जेची आहे : घरात ‘वेड’ आहे असे पसरले तर नातवंडांची लग्ने कशी होतील? वस्तुतः वार्धक्यात होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक प्रकारांत रोग बापाकडून मुलाकडे सरळ उतरतो असे नाही. तसे सरळ उतरणारे प्रकार अत्यंत थोडे आहेत. याउलट, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या अहवालात असे म्हटले आहे की जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश हा बदलता येण्याजोग्या चौदा कारणांशी निगडित आहे. शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपण, अधू दृष्टी ही त्यांतील काही होत. तेव्हा पुढच्या पिढीची खरी काळजी असेल, तर रोग लपविण्यापेक्षा आपला रक्तदाब तपासून घेणे श्रेयस्कर.

पाचवी शंका : रुग्णाला सत्य सांगावे काय? गीतेने वाणीचे तप सांगताना बोलणे उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकारक असावे असे सांगितले आहे. या चारही गोष्टी एकत्र सांभाळणे कठीण आहे, म्हणूनच त्याला तप म्हटले आहे. ज्याची समजूत अद्याप शाबूत आहे आणि जो स्वतः विचारतो, त्याच्याशी खोटे बोलू नये. थोडे थोडे, धीर देत, पुढे काय करता येईल हे सांगत सत्य सांगावे. जो विचारत नाही, त्याच्यावर ते लादू नये. परंतु ‘त्यांना काय कळते’ असे म्हणून त्यांच्यासमक्ष त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे हे कोणत्याही अवस्थेत अयोग्य होय.

सत्य वेळेवर कळण्याचे आणखी एक कारण आहे. कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणारा मनुष्य ते करताना समजूतदार मनःस्थितीत असावा लागतो. दिलेले मुखत्यारपत्रही, १८७२च्या करार कायद्यानुसार, देणाऱ्याची बुद्धी विकल झाली म्हणजे संपुष्टात येते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनुष्याला आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती नेमण्याची सोय आहे. त्या कायद्यातील व्याख्येत स्मृतीचा गंभीर विकारही येतो. ही सर्व कामे बुद्धी शाबूत असतानाच होऊ शकतात. निदान लांबविणारा मुलगा आपल्या पित्याचा अखेरचा स्वतंत्र निर्णय त्याच्याकडून हिरावून घेत असतो, आणि भावाभावांच्या पुढील कलहाचे बीजही पेरीत असतो.

आता योग्य निदान म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मज्जाविकारांचे, मनोविकारांचे किंवा वृद्धांच्या रोगांचे तज्ज्ञ हे काम करतात. जाताना रुग्णाबरोबर रोज राहणारी व्यक्ती असावी. पुष्कळदा ती सून असते आणि नेमके तिलाच बाहेर थांबविले जाते. बदल केव्हापासून, हळूहळू की एकाएकी, हे लिहून न्यावे. चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. स्मृतीची परीक्षा, कान व डोळे, रक्ताच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे मेंदूचे चित्र, एवढे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढला जात असेल तर दुसरे मत घ्यावे. आजी निरक्षर आहे म्हणून परीक्षा होणार नाही असे समजू नये. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीतून अशी परीक्षा तयार करण्यात आली व ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लिहिण्यावाचण्याऐवजी आपल्या घराविषयी काही बोलायला सांगणे असे प्रश्न आहेत. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. एका भेटीत न कळलेले दुसऱ्या भेटीत कळते. खर्चाची सबब सर्वांना लागू नाही. राजस्थानात सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधांची योजना २ ऑक्टोबर २०११ पासून आणि मोफत तपासण्यांची ७ एप्रिल २०१३ पासून सुरू झाली. इतर प्रांतांतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तज्ज्ञ असतात.

येथे उलट बाजूनेही सावध केले पाहिजे. प्रत्येक विसराळूपणाला रोग ठरविणे हीही चूकच होय. शोकाकुल विधवेला घाईने ‘स्मृतिभ्रंश’ म्हणून तिच्या हातातून घराचा कारभार काढून घेतला, तर ते निदान नसून अन्याय आहे. नाव लावण्याची घाई आणि नाव टाळण्याची घाई, दोन्ही पाहण्याच्या कष्टापासून पळण्याच्याच वाटा आहेत.

निदान झाल्यानंतर घरात काय बदलते? रोग तोच राहतो. परंतु त्या घरातील नाती पुन्हा जागेवर येऊ शकतात. सासऱ्यांनी घेतलेला चोरीचा आळ रोगाने घेतला होता, हे सगळ्यांना कळते आणि सुनेचा मान तिला परत मिळतो. मुलाला कळते की दहाव्यांदा विचारलेला प्रश्न हा विचारणाऱ्याच्या दृष्टीने पहिलाच आहे; मग वाद घालण्याऐवजी तो उत्तर देतो. पहाटेचे दर्शन बंद करण्याऐवजी नातू बरोबर जातो, खिशात घरचा पत्ता ठेवतो. सेवेचा सारा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकून बाकीच्यांनी केवळ उपदेश करावा, हेही मग शोभत नाही. कारण काम किती दीर्घ आहे हे आता सर्वांना ठाऊक असते. तिला आठवड्यातून काही वेळ मोकळा मिळणे हाही सेवेचाच भाग आहे.

मातापित्यांची सेवा हा गृहस्थाचा धर्म आहे, हे आपण सर्वच मान्य करतो. परंतु ज्याची सेवा करावयाची त्याला काय झाले आहे हे न जाणता केलेली सेवा पुष्कळदा त्याला इजाच करते. तेव्हा वाचकांस नम्र विनंती एवढीच की, आपल्या घरात वा शेजारी कोणा वृद्धाविषयी ‘साठी बुद्धी नाठी’ हे शब्द ओठांवर आले, तर ते तेथेच थांबवावेत आणि त्यांच्या जागी एक प्रश्न विचारावा : ‘यांना एकदा नीट दाखविले आहे काय?’ उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढील आठवड्यातील एक सकाळ त्या कामासाठी राखून ठेवावी.